मोठ्या पिव्होटभोवती बाकीचे चार कोण? (पर्ड्यू, एडी आणि चौथी जागा)

बेंचवरचा_बाळ्या:
परवा रात्री झोप येईना म्हणून २०२४ ची एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची) फायनल पुन्हा बघितली. (हरलेली मॅच पुन्हा कशाला, असं बायकोनेही विचारलं. उत्तर नाही.) पर्ड्यू (इंडियानातलं विद्यापीठ) विरुद्ध यूकॉन (कनेक्टिकटचं), ८ एप्रिल, ग्लेंडेल. पर्ड्यूचा पिव्होट (रिंगखाली खेळणारा उंच गडी), सात फूट चार इंचांच्या झॅक एडीने ३७ पॉइंट आणि १० रिबाऊंड (चुकलेले शॉट धरणं) काढले, तरी पर्ड्यू ६०-७५ असं आपटलं. साठातून ३७ वजा करा. उरले २३. चार स्टार्टर आणि अख्खा बेंच मिळून तेवीस! सीझनभर शंभरातले चाळीस थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) टाकणाऱ्या टीमने फायनलमध्ये सातच थ्री मारले, त्यातला एक आत गेला.

तर प्रश्न. पर्ड्यूचा कोच मॅट पेंटरची सुरुवातीची पाचजणं अशी: पॉइंटला (चेंडू घेऊन खेळ चालवणारा) ब्रेडन स्मिथ, मग फ्लेचर लॉयर, लान्स जोन्स, चारवर (पिव्होटच्या शेजारची जागा) ट्रे कॉफमन-रेन आणि एडी. कॉफमन-रेन हा स्वतःच रिंगकडे पाठ लावून खेळणारा गडी, बाहेरून त्याचा धाक नव्हता. आणि थ्री टाकणारा मेसन गिलिस बाकावर. त्याला बिग टेनचा (पर्ड्यू खेळतं तो कॉलेजांचा गट) त्या वर्षीचा सर्वोत्तम 'सिक्स्थ मॅन' म्हणून बक्षीस मिळालं, म्हणजे बाकावर बसवल्याचंच बक्षीस. माझ्या मते हे उलटं हवं होतं. रिंगखाली आधीच एक डोंगर उभा आहे, शेजारी टेकडी कशाला?

तुम्ही कोच असतात तर चौथ्या जागेवर कोण? नुसतं पर्ड्यूचं नाही, एकूणच असा पिव्होट हाती लागला तर बाकीचे चार कसे निवडाल?

संत्र्याची_फोड:
पहिला मी! नागपूरकर हजर. राजेहो, एवढा मोठा पिव्होट असल्यावर बाकी चार कोण हे काहून विचारता? पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या तरी चालते.

बेंचवरचा_बाळ्या:
@संत्र्याची फोड, चालतं तर मग १७ मार्च २०२३ ला काय झालं होतं?

संत्र्याची_फोड:
जखमेवर मीठ नको चोळू बे.

लाफायेटची_वारी:
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या दिवशी पहिल्या मानांकनाचं पर्ड्यू सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ५८-६३ हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच झालं होतं, २०१८ मध्ये व्हर्जिनियाचं. आणि फेअरली डिकिन्सन ही डिव्हिजन वनमधली सरासरीने सगळ्यात बुटकी टीम होती!

मी तेव्हा वेस्ट लाफायेटलाच (पर्ड्यूच्या गावी) होतो, मास्टर्सचं शेवटचं सेमिस्टर. आम्ही सहाजण, त्यातले चार मराठी, एकाच्या हॉलमध्ये. पोहे केले होते. सामना संपला तेव्हा कढईत अर्धे तसेच होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. खाली रस्त्यावर एरवी आरडाओरडा असतो, त्या रात्री फक्त बर्फ खरवडायच्या गाडीचा आवाज.

धाग्याच्या प्रश्नाशी संबंध असा की त्या दिवशी एडीने २१ पॉइंट आणि १५ रिबाऊंड घेतले. तो हरला नाही. पर्ड्यूने २६ थ्री मारले आणि त्यातले ५ आत गेले. त्या बुटक्या पोरांनी एक जण एडीच्या पुढे, एक मागे असं सँडविच केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, मारा तुम्हाला मारायचं तर.

कट्टर_शंकेखोर:
धागाकर्त्यांच्या प्रश्नातच एक चूक आहे. (पुण्याचा असल्याने हे सांगणं माझं कर्तव्य आहे.) 'सुरुवातीचे पाच' याला आपण भलतंच महत्त्व देतो. साधारण निम्मा वेळ कॉफमन-रेन, निम्मा वेळ गिलिस असंच चाललं होतं. जंपबॉलच्या वेळी कोण उभा आहे हे लग्नपत्रिकेतल्या नावांसारखं आहे. शेवटच्या पाच मिनिटांत कोण आत आहे ते बघा.

बेंचवरचा_बाळ्या:
मान्य, पण अर्धंच. पहिल्या चार मिनिटांत एडीच्या अंगावर एक माणूस येतो की दोन, हे समोरचा कोच आपले पाच बघून ठरवतो. पत्रिकेत नाव नसलं की आत्या लग्नाला येत नाही, हे विसरू नका.

कट्टर_शंकेखोर:
आत्या आली नाही तर लग्न सुरळीत पार पडतं, हा आमचा अनुभव.

तालमीतला:
हसून हसून पुरेवाट. आमच्या कोल्हापुरात याला एक साधा हिशोब आहे. हिंदकेसरी घरात आणला की बाकीच्यांचं काम एकच, खुराक वेळेवर पोचवणं. दूध कुणी आणायचं, बदाम कुणी वाटायचे, यावरून भांडलात की पैलवान उपाशी.

जुना_फीडर:
@तालमीतला, हलके घेतलं तरी मुद्दा बरोबर आहे, आणि हा खुराक पोचवणं दिसतं तितकं सोपं नाही. मी कॉलेजात चार वर्षं हेच काम केलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्याकडे साडेसहा फुटांचा पिव्होट होता. सगळे त्याला 'खांब' म्हणायचे. खांब पाठीने डिफेंडरला धरून ठेवायचा, बाहेरच्या बाजूचा हात वर, पंजा उघडा. पास द्यायचा तो त्या पंजाला, माणसाला नाही. आणि द्यायचा कुठून? रिंगच्या समोरून, वरच्या टोकाहून दिला तर डिफेंडर पुढे झेपावून घेऊन जातो. ड्रिबल करत विंगवर (कोर्टच्या बाजूला) यायचं, फ्री थ्रोच्या रेषेच्याही खाली उतरायचं, मग पासला वाट मिळते. त्यातही सरळ दिला की संपलं. आधी डोक्यावरून खोटा पास दाखवायचा, समोरच्याचे हात वर गेले की त्याच्या कानाशेजारून खरा. खाली दाखवून वर, वर दाखवून खाली. उंच माणसाला मात्र शक्यतो बाउन्स नको, कारण तो घ्यायला त्याला वाकावं लागतं. आणि सात फुटांचा माणूस चेंडू घेऊन कमरेपर्यंत खाली आला की तिथं साडेपाच फुटांच्या पोरांचं राज्य. फेअरली डिकिन्सनच्या पोरांनी तेच केलं, चेंडू खाली आला रे आला की चार हात त्यावर.

तर आमची खरी रड पुढे आहे. अंतिम वर्षाला झोनल्समध्ये आमच्या सरांनी कॅप्टनला पॉइंटला घेतलं. पोरगा टीममधला सगळ्यात गुणी. ड्रिबल बघत राहावं असं. पण चेंडू आत द्यायचा म्हटलं की त्याला वाटायचं आपली वस्तू कुणी मागून घेतंय. खांब पहिल्या हाफमध्ये हात वर करून करून दमला. दुसऱ्या हाफमध्ये त्याने हात वर करणंच सोडलं. आम्ही अकरा पॉइंटनी हरलो आणि बसमध्ये खांब माझ्या शेजारी बसून सगळा रस्ता खारे दाणे खात होता, एक शब्द न बोलता. मी अर्थातच त्या दिवशी बेंचवर.

म्हणून माझी पहिली निवड चौथ्या जागेची नाहीच, पॉइंट गार्डची. ब्रेडन स्मिथ सहा फुटांचा, पण त्या सीझनमध्ये सामन्याला साडेसात असिस्ट (ज्यावर बास्केट होतं असे पास). तो नसता तर एडी नुसता उंच माणूस होता.

अदिती_ब:
जुना फीडर, किती छान लिहिलंय. खांबाचं काय झालं पुढे?

जुना_फीडर:
बँकेत आहे. काउंटरच्या मागे बसतो, तरी लोक त्याच्याकडे मान वर करून बघतात.

पाटीवरचा_इतिहास:
फीडरना +१, आणि पुरावा देतो. १९७३ ची फायनल, यूसीएलए (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) विरुद्ध मेम्फिस स्टेट. यूसीएलएचा पिव्होट बिल वॉल्टनने २२ पैकी २१ शॉट टाकले, ४४ पॉइंट. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच सामन्यात ग्रेग ली नावाच्या गार्डने १४ असिस्ट दिले, हे कुणाला आठवत नाही. २१ शॉट काय आकाशातून पडले?

आणि धागाकर्त्यांच्या बाजूनेही एक. १९६६-६७ ला अल्सिंडोर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) यूसीएलएच्या मुख्य टीमकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा कोच जॉन वूडनने जुनी पद्धत मोडून त्याला रिंगच्या जवळ उभं केलं. गार्ड दोन, लुशियस अॅलन आणि माइक वॉरन. आणि एका फॉरवर्डला, लिन शॅकलफर्डला, कोपऱ्यात. डावखुरा, तिथून लांबचा शॉट टाकायचा. तेव्हा थ्रीची रेषासुद्धा नव्हती, कॉलेजात ती देशभर आली १९८६-८७ ला. दोनच पॉइंट मिळायचे तरी वूडनला कोपऱ्यात शूटर हवा होता. का? कारण तो कोपरा मोकळा सोडून मदतीला जाता येत नाही.

उलट उदाहरण १९८९-९० चं एलएसयू. शकील ओनील, शेजारी सात फुटांचा स्टॅनली रॉबर्ट्स आणि गार्ड ख्रिस जॅक्सन. कागदावर ही टीम बघून समोरच्याने घरी जावं. दुसऱ्या फेरीत जॉर्जिया टेकने ९४-९१ ने घरी पाठवलं. दोन डोंगर शेजारी शेजारी ठेवले की मधून वाट काढायला घाट बांधावा लागतो.

कट्टर_शंकेखोर:
एका उदाहरणावरून सिद्धांत! दुसऱ्या फेरीत तीन पॉइंटनी हरणं याला दोन पिव्होट कारणीभूत, हे कशावरून? ९१ पॉइंट केलेत त्यांनी. घाट तयार होता, पलीकडून गाड्याच जास्त आल्या.

पाटीवरचा_इतिहास:
हे मात्र खरं. डिफेन्सचं खातं वेगळं. माघार घेतो. तात्पुरती.

अवांतर: १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये यूसीएलएच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी, अल्सिंडोर त्यात, आपल्याच कॉलेजच्या मुख्य टीमला हरवलं. तेव्हा पहिल्या वर्षाला मुख्य टीममध्ये खेळायची परवानगी नसायची, आणि ही मुख्य टीम म्हणजे आदल्या वर्षीची राष्ट्रीय विजेती. स्कोअर? ७५-६०. बाळ्याच्या फायनलचाच.

बेंचवरचा_बाळ्या:
आता झोप खरंच येणार नाही.

गल्ली_क्रिकेटर:
आपला सतनाम सिंग पण सात फूट दोन होता ना? त्याच्याभोवती का नाही बांधली कुणी टीम?

संत्र्याची_फोड:
तो कॉलेज खेळलाच नाही बे. फ्लोरिडातल्या अकादमीतून सरळ २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये गेला, डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. पुढे कुस्तीत उतरला तिकडे, टीव्हीवरच्या.

तालमीतला:
बघा, शेवटी सगळे आमच्याकडेच येतात.

रेवाची_आई:
नमस्कार. मी इथे एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, बास्केटबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही. पण शीर्षक बघून आले. आम्ही इंडियानात राहतो. इथे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या गणपतीसारखं, प्रत्येकाच्या दारात रिंग. माझी मुलगी सहावीत आहे आणि पाच फूट आठ इंच झाली. शाळेच्या टीममध्ये तिला कोच फक्त रिंगखाली उभं करतात. पण तिला कुणी पासच देत नाहीत. आणि चुकून मिळालाच तर तीन मुली अंगावर येतात, ती घाबरते आणि चेंडू जातो. घरी येऊन रडते की मी उंच का आहे. यावर काय करावं? विषयांतर होत असेल तर क्षमा.

जुना_फीडर:
ताई, विषयांतर कसलं, हाच विषय आहे. तीन मुली तिच्या अंगावर येतात म्हणजे मैदानात दोन मुली मोकळ्या आहेत. तिला दोनच गोष्टी शिकवा. एक, चेंडू मिळाला की हनुवटीच्या खाली आणायचा नाही, कोपरे बाहेर. दोन, शॉट मारायच्या आधी मान वळवून लांबचा कोपरा बघायचा. ड्रिबल अजिबात नको.

लाफायेटची_वारी:
आणि तिला सांगा, एडी टोरंटोचा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. बास्केटबॉल नीट सुरू केला तो शाळेच्या शेवटच्या काही वर्षांत. बहुतेक मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पुढे लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, राल्फ सॅम्पसननंतर हे कुणाला जमलं नव्हतं. उंचीचं काय करायचं हे कळायला त्यालाही वेळ लागला.

रेवाची_आई:
धन्यवाद! वाचून दाखवते तिला. (हॉकीचं सांगत नाही, नाहीतर तेही सुरू करेल.)

बिनपगारी_कोच:
आता मूळ धाग्यावर येतो, कारण सगळे गिलिस गिलिस करताहेत आणि फायनल कुणी नीट बघितलेली दिसत नाही. बाळ्याभाऊ, तुम्हीही नाही.

फेअरली डिकिन्सनने एडीवर दोन माणसं टाकली. शूटर मोकळे झाले, त्यांनी चुकवले. यूकॉनने बरोबर उलटं केलं. त्यांच्याकडे सात फूट दोनचा डॉनोव्हन क्लिंगन होता. त्यांनी ठरवलं की एडी आणि क्लिंगन काय ते बघून घेतील, आपण शूटरांच्या अंगाला चिकटून राहायचं. एडीने २५ पैकी १५ शॉट टाकले. टाकू देत! दोन-दोन पॉइंटनी किती टाकणार? पर्ड्यूचे थ्री नुसते चुकले नाहीत हो, मुळात सातच मारता आले. मारायला जागाच मिळाली नाही. तिथे गिलिस सुरुवातीपासून असता तर काय, त्याच्याही अंगाला एक जण चिकटला असता. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकच गोळी देताय.

मोकळा शूटर हे औषध समोरचा दोन माणसं पाठवतो तेव्हाच लागू पडतं. तो पाठवतच नसेल तर तुम्हाला असा माणूस हवा जो एकट्याच्या बळावर आपल्या डिफेंडरला मागे टाकून आत घुसतो. म्हणून पेंटरने २०२३ ला सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणलं. टेनेसीविरुद्धच्या सामन्यात, जिथे एडीने ४० पॉइंट आणि १६ रिबाऊंड केले आणि पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरला (शेवटच्या चारांत) गेलं, तिथे शेवटी जोन्सचा थ्री किती मोलाचा होता आठवा. फायनलमध्ये असे दोन जोन्स हवे होते. एकच होता, आणि त्याचाही दिवस नव्हता.

संत्र्याची_फोड:
दंडवत. हे आधी का नाही लिहिलं?

बिनपगारी_कोच:
ऑफिस असतं.

अदिती_ब:
मी कॉफमन-रेनची बाजू घेते, कारण इथे कुणीच घेत नाहीये. एडी एनबीएत मेम्फिसला गेल्यावर पुढच्या सीझनमध्ये सात फूट चारचाच नवा पोरगा सुरुवातीलाच पाय मोडून बसला, आणि कॉफमन-रेन मधे खेळायला लागला. सामन्याला वीस पॉइंट! म्हणजे पर्ड्यूकडे २०२४ मध्ये दोन पिव्होट होते, एक दिसत होता आणि एक शेजारी अंग चोरून उभा होता. त्याला 'टेकडी' म्हणणं अन्याय आहे.

मी स्वतः विद्यापीठाच्या टीममध्ये अशीच शेजारची होते. पिव्होटच्या वाटेत येऊ नको, एवढीच सूचना. दोन वर्षं मी वाटेत न येण्याचा सराव केला. स्क्रीन लावायची (समोरच्याची वाट अंगाने अडवायची), रिबाऊंडला अंग टाकायचं, चेंडू मिळाला की लगेच परत. घरी आई विचारायची, आज किती केलेस? शून्य. मग खेळलीस की नाही?

बेंचवरचा_बाळ्या:
टेकडी मागे घेतो.

तालमीतला:
डोंगराशेजारी कळसूबाई पण टेकडीच वाटेल हो.

कट्टर_शंकेखोर:
कळसूबाई हा डोंगरच आहे. महाराष्ट्रातला सर्वोच्च.

तालमीतला:
आलात का.

गल्ली_क्रिकेटर:
नागपाड्याला आमच्या मामाच्या बिल्डिंगीतली पोरं याचं फार सोपं उत्तर देतात. पिव्होट एक, पळणारे दोन, मारणारा एक आणि भांडणारा एक. रेफरीशी बोलायला कुणीतरी लागतोच.

जुना_फीडर:
भांडणाऱ्याचं महत्त्व मान्य. एडीला फाउल मिळण्यावरून समोरच्या टीमचे चाहते वर्षभर भांडत होते, आमच्या बाजूने पण कुणीतरी हवं.

बेंचवरचा_बाळ्या:
बराच वेळ वाचतोय. कोचसाहेबांचं वाचून फायनलचा पहिला हाफ तिसऱ्यांदा लावला. (बायको माहेरी.) बरोबर आहे. लॉयरच्या हातात चेंडू येतो तेव्हा समोरचा माणूस एका हाताच्या अंतरावर आहे, प्रत्येक वेळी. एडीकडे कुणी वळूनही बघत नाही.

तर माझं सुधारित उत्तर: पॉइंटला स्मिथ, त्यावर वाद नाही. जोन्स. लॉयर. चौथ्या जागेवर समोरचा दोन माणसं पाठवणारा असेल तर गिलिस, एकच पाठवणारा असेल तर कॉफमन-रेन, कारण एकाला एक असेल तर निदान दुसऱ्या बाजूला तोही एकाच माणसाला पाठीवर घेऊन खेळू शकतो. यूकॉनविरुद्ध पेंटरने सुरुवात कॉफमन-रेननेच केली होती. म्हणजे मी हा धागा काढला तेव्हा जे चूक म्हणत होतो तेच.

कट्टर_शंकेखोर:
धागाकर्त्यांनी स्वतःचंच मत खोडलं. नोंद घ्यावी.

रेवाची_आई:
पुन्हा मीच. शनिवारी रेवाची मॅच झाली. फीडरदादांचं सगळं तिला वाचून दाखवलं होतं, हनुवटीचं आणि कोपऱ्याचं. पहिल्यांदा चेंडू मिळाला, तीन मुली अंगावर, तिने मान वळवली आणि कोपऱ्यातल्या एका छोट्याशा मुलीला पास दिला. ती मुलगी एवढी दचकली की चेंडू तिच्या हाताला लागून सरळ बाहेर! मला वाटलं झालं, आता पुन्हा रडणार. पण दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तसंच झालं, पुन्हा त्याच मुलीला पास. या वेळी तिने धरला, इकडेतिकडे बघितलं, जवळ कुणीच नाही, आणि मारला. आधी बोर्डला, मग रिंगला, मग आत. हरलो आम्ही, सहा पॉइंटनी. पण गाडीत रेवा सगळा रस्ता त्या मुलीबद्दलच बोलत होती. तिचं नाव कालपर्यंत तिला माहीत नव्हतं.

जुना_फीडर:
ताई, त्या छोट्या मुलीला माझ्यातर्फे खारे दाणे.